रानात चालणाऱ्याचा जोडा

सडक अर्जुनीच्या बाजारात पायताणाच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहून पाहावे. दोन तऱ्हेची गिऱ्हाइके दिसतात. एक बूट हातात घेऊन वरची चकाकी पाहतो. दुसरा बूट उलटा करून त्याचा तळवा पाहतो, अंगठ्याने टाच दाबतो, आत हात घालून शिवण चाचपतो. आजचे बोलणे या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडावे आणि पहिल्यालाही बूट उलटा करून पाहण्याची सवय लागावी, एवढाच हेतू आहे.

एके काळी रानातला बूट म्हणजे शिकाऱ्याचा बूट. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतातल्या जंगलांचे शिकारीसाठी गट पाडलेले असत आणि परवाना घेतलेले साहेबलोक त्यांत हिंडत. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून सांबराच्या कातड्याचे मऊ जोडे त्यांच्या विशेष आवडीचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि तो सारा शौक संपला. आज कोणी ‘खास सांबराचा आहे’ म्हणून जोडा दाखवू लागला तर तिथून सरळ उठावे. वन्य प्राण्याच्या कातड्याचा तसला व्यवहार गुन्हा आहे.

शिकारी गेले, पण रानातले चालणे काही थांबले नाही. उलट चालणारे वाढलेच. इकडे नवेगाव, तिकडे नागझिरा. ही दोन्ही राने मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे पायी गस्त घालणारे वनरक्षक व हंगामी मजूर आहेत. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचणारी माणसे आहेत, त्यांच्या पाठोपाठ तेंदूपत्ता तोडणाऱ्या आयाबाया आहेत. शाळेची मुले घेऊन नवेगावबांधचा तलाव दाखवायला जाणारे गुरुजी आहेत. या साऱ्यांना एकच बूट चालेल काय? नाही चालणार. आधी कुठे चालायचे ते ठरवावे, मग जोडा.

आपल्या रानाची जमीन कशी आहे पाहा. उन्हाळ्यात साग, ऐन, धावड्याचा पाचोळा घोट्यापर्यंत साचतो. त्याखाली दगड आहे की खड्डा आहे ते दिसत नाही. बांबू तोडलेल्या जागी तिरपे, टोकदार खुंट राहिलेले असतात. पातळ रबराच्या चपलेतून ते आरीसारखे आरपार जातात. बोरीचे आणि बाभळीचे काटे तर आहेतच. पावसाळ्यात हीच वाट निसरडी होते, नाले वाहू लागतात आणि सापांचा वावर वाढतो.

सापाचे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. दंश बहुतेक पायाला होतात. पाचोळ्यात पडलेली घोणस पाय पडला की उलटते. अशा वेळी घोटा झाकणारा जाड कातड्याचा बूट आणि वरून सैल, जाड कापडाची विजार असली तर पुष्कळ बचाव होतो. मात्र बूट म्हणजे चिलखत नव्हे. घोणशीचे दात लांब असतात आणि पोटरी तर उघडीच राहते. मण्याराची गोष्ट आणखी निराळी. तो रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. तिथे बूट काय करणार? तिथे खाट आणि मच्छरदाणीच हवी. आणि दंश झालाच, तर पाय सुजण्याच्या आत बूट, पैंजण, जोडवी काढावीत, घट्ट दोरी आवळू नये, जखम कापू नये, माणसाला चालवू नये. उचलून सरळ दवाखाना गाठावा. विषावरचे औषध तिथेच मिळते.

आता निवडीकडे वळू. सगळ्यांत आधी माप. आपण म्हणतो, ‘जोडा चावतो’. निम्म्या वेळा दोष जोड्याच्या लांबीचा नसतो, रुंदीचा असतो. लहानपणापासून अनवाणी हिंडलेल्या माणसाचा पाय पुढे पंख्यासारखा पसरतो आणि दुकानातले पुष्कळ बूट परदेशी मापाच्या अरुंद साच्यावर बेतलेले असतात. पाय आत शिरत नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. या नंबरांत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. झाले! रुंदीला कसाबसा बसलेला बूट आता लांबीला ढिला होतो, टाच आत वरखाली घासते आणि दोन कोसांत फोड येतो.

ही काही आपल्या खेड्यापुरतीच तक्रार नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांतील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. आपले पाय सरासरीने युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद आहेत, असेच त्यातून दिसून आले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापाची पद्धत सुचविण्यात आली. मुलींचा पाय साधारण अकराव्या वर्षापर्यंत आणि मुलांचा पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत झपाट्याने वाढतो, हेही त्यात आढळले. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. वाढत्या पायाच्या मुलाला सहलीसाठी महाग कातडी बूट घ्यायला पालकांना सांगू नये. जाड तळव्याचा कापडी जोडा त्याला पुरतो.

माप घ्यायची घरगुती रीत सोपी आहे. कागदावर उभे राहावे, दोन्ही पायांवर भार सारखा द्यावा आणि दुसऱ्याकडून पेन्सिलीने दोन्ही पायांची रेघ काढून घ्यावी. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा निघतो. मोठ्या पायाला धरून बूट घ्यावा. तो कागद कात्रीने कापून दुकानात न्यावा आणि बुटाच्या तळव्यावर ठेवून पाहावा. कागद कडेबाहेर गेला तर तो बूट कितीही देखणा असो, आपला नव्हे. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. जे मोजे रानात घालणार तेच घालून पाहावे. नाडी बांधून उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. मग दुकानाची पायरी चढावी, उतरावी. उतरताना बोटे पुढे टेकली तर शशिकरणच्या पहाडीवरून उतरताना नखे काळी झालीच म्हणून समजा. दुकानदार म्हणेल, ‘वापरून वापरून सैल होते जी.’ कातडे रुंदीला थोडे सैलावते हे खरे. लांबीला वाढत नाही.

माप जमले की कातडे. जनावराचे कातडे जाड असते, ते यंत्राने आडवे चिरून त्याचे थर काढतात. केसांच्या बाजूचा वरचा थर सर्वांत चिवट. खालचा थर सैल धाग्यांचा. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन, दाणे उठवून, तोही अस्सल कातडे म्हणूनच विकला जातो. ओळखावयाचे कसे? नाडीच्या भोकाशी किंवा जिभेच्या काठाशी कापलेली कड पाहावी. अस्सल कातड्यात बारीक तंतू दिसतात. रेक्झिनच्या मागे कापड दिसते. बोटाने दाबले की चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडताच विरतात. लेप दिलेल्यावर एकच जाड घडी पडते.

कमावण्याच्याही दोन रीती आहेत. जुनी रीत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. हिरडा तर आपल्या रानातलाच. तिला कित्येक आठवडे लागतात. असे कातडे घट्ट, पायाचा आकार धरणारे, पण भिजून उन्हात सुकले की लाकडासारखे होणारे. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. काम थोड्या दिवसांत उरकते आणि कातडे मऊ, पाण्याला व उष्णतेला अधिक टिकणारे होते. रानातल्या बुटाला वरचा भाग क्रोमचा आणि पायाखालचा आतला तळ सालीच्या कमाईचा असला तर उत्तम.

तळव्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १९३५ साली इटलीतला एक गिर्यारोहक, व्हितालेे ब्रामानी, आल्प्स पर्वतात गेला असता त्याचे सहा सोबती मृत्यू पावले. पायांत योग्य जोडे नसणे हे त्याचे एक कारण ठरले. त्याने मनाला लावून घेतले आणि १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळवा काढला. आज जगभरच्या डोंगरी बुटांखाली जी खाचांची नक्षी दिसते ती त्याच वंशातली. म्हणून तळवा पाहताना खाचा खोल आणि परस्परांपासून दूर आहेत ना, ते पाहावे. दाट, उथळ नक्षीत आपली चिकण माती भरते आणि बूट काचेसारखा घसरतो.

तळवा शिवलेला की चिकटवलेला हेही विचारावे. चिकटवलेला हलका असतो, स्वस्तही असतो. पण मे महिन्याच्या उन्हात डिंक ढिला पडला की जोडा पुढून तोंड वासतो, आणि तेही दवाखाना, मोची, मोटार काहीच जवळ नसताना. शिवलेला तळवा झिजला तर कारागीर उसवून नवा लावून देतो. बाजारात बसणाऱ्या मोचीभाऊंना खरेदीपूर्वीच एकदा विचारावे, ‘भाऊ, याचा तळवा बदलता येईल का?’ कंपनीच्या जाहिरातीपेक्षा त्यांचे उत्तर मला अधिक भरवशाचे वाटते.

काही जण कारखान्यात वापरतात तो लोखंडी टोपीचा बूट घेतात. आयएस १५२९८ या क्रमांकाचा, शिक्क्याचा असला तर तो आपल्या कामाला चांगलाच आहे. पण ते काम बांधकामाचे. पायातल्या वजनाचा शीण पाठीवरच्या वजनाच्या सुमारे पाचपट पडतो, असे प्रयोगांत दिसले आहे. दहा-बारा किलोमीटरची गस्त असेल तर ती लोखंडी टोपी विनाकारण वाहू नये.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. या रानात सर्वांत जास्त वाकणाऱ्या, उठणाऱ्या आणि चालणाऱ्या बाया आहेत, आणि बाजारातले कातडी बूट मात्र पुरुषांच्या साच्यावर केलेले. तेंदूपत्ता तोडणारी बाई पहाटे अंधारात साध्या चपलेवर निघते. तिला जड बूट नको आहे. बंद पुढ्याचा, जाड रबरी तळव्याचा, नाडी बांधता येणारा कापडी जोडा हवा आहे. शेजारच्या छत्तीसगडात २००५ साली तेंदूपत्ता तोडणाऱ्यांसाठी ‘चरणपादुका’ नावाची सरकारी योजना सुरू झाली होती, यावरून गरज ओळखली गेली होती हे दिसते. घरात एकाच चांगल्या जोड्यापुरते पैसे असतील, तर तो घरधन्याला मिरवायला घ्यावा की तिच्या पायाला, याचा विचार बाजाराला निघण्यापूर्वी व्हावा.

रोवणीच्या चिखलात मात्र कोणताच बूट कामाचा नाही. गमबूट बांधीत रुततो, आत पाणी भरते, पाय तेवढा वर येतो. त्याचा उपयोग रात्री धुऱ्यावरून पाणी पाहायला जाताना. हातात बॅटरी हवीच.

राहता राहिली निगा. नवा बूट पंधरा दिवस गावातच वापरावा, मग रानात न्यावा. भिजला तर चिखल पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. चुलीजवळ ठेवला की कातडे तडकते. तेल लावायचे तर एरंडेल, तेही थोडेसे बोटाने चोळून. घरात जवसाचे तेल सहज असते म्हणून पुष्कळ जण तेच लावतात. पण ते सुकून कडक होते आणि बुटाला भेगा पडतात. आणि रोज सकाळी पाय घालण्यापूर्वी बूट उलटा करून दोनदा जमिनीवर आपटावा. विंचवाला अंधारी, उबदार जागा आवडते.