वाहनतळ कमी पडतो म्हणजे नेमके काय?

वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा खारघर, नवी मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या शैक्षणिक संकुलाच्या फाटकाशी सकाळी साडेनऊला उभे राहून पाहा. दुचाकी झाडांभोवती दाटलेल्या, मोटारी कुंपणाला लागून, आणि रखवालदाराची शिट्टी चालूच. ‘जागा कमी पडते’ याबद्दल विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांचे एकमत असते. उपायही सहज सुचतो : शेजारच्या मैदानाचा एक तुकडा घ्यावा. मैदान एकदा गेले की परत मिळत नाही. म्हणून त्याआधी थोडे गणित करून पाहू.

एक मोटार उभी करायला साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा लागते, म्हणजे १२.५ चौरस मीटर. शिवाय तिला आत येण्यासाठी व वळण्यासाठी वाट हवी. ती धरली की एका मोटारीमागे सुमारे २५ चौरस मीटर खर्च होतात. आता आपली वर्गखोली मोजा. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद खोलीचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. म्हणजे दोन मोटारींच्या जागेत एक अख्खा वर्ग बसतो! इतकी मोलाची जागा वाया कशी जाते? तिला तीन ठिकाणी गळती लागते.

पहिली गळती रेषा नसल्याची. १०० मीटर लांबीच्या भिंतीलगत ५ मीटर लांबीच्या गाड्या एकीला एक लावून उभ्या केल्या, तर २० मावतील. (दोन गाड्यांमधले अंतर सोपेपणासाठी सोडून देऊ.) पण रेषा आखलेल्या नसतील आणि प्रत्येकाने मनाला येईल तिथे गाडी लावली तर? हंगेरीचे गणिती आल्फ्रेड रेनी यांनी १९५८ मध्ये हे कोडे सोडवले. लांबलचक भिंत असेल, तर सरासरी सुमारे ७५ टक्केच लांबी भरते. उरलेली लांबी अशा फटींत अडकते, की त्यांत आणखी एकही गाडी मावत नाही. म्हणजे चुन्याच्या चार रेषा आखल्या नाहीत, तर चौथा हिस्सा जागा वाया जाऊ शकते.

हे वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर १०० सेंटिमीटरची रेघ ओढा. ० ते ९५ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. जी चिठ्ठी निघेल त्या आकड्यापासून पुढे ५ सेंटिमीटरची ‘गाडी’ काढा. ती आधीच्या गाडीवर चढत असेल, तर चिठ्ठी बाद. सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर बहुधा १५ किंवा १६ गाड्या दिसतील. आकडे पूर्ण सेंटिमीटरचेच घेतल्यामुळे उत्तर रेनींच्या उत्तरापेक्षा किंचित जास्त येते.

दुसरी गळती वेळेची. वाहनतळावर जागेइतकीच वेळही व्यापली जाते. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला. एका वेळी आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे ताशी येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी वेळ. समजा, कार्यालयात कामासाठी ताशी ६० दुचाकी येतात व अर्धा तास थांबतात. ६० × ०.५ = ३०. त्यांना सरासरी तीसच जागा लागतात. त्याच ६० दुचाकी चार चार तास थांबल्या तर? २४०! फाटकावरची वर्दळ तीच, जागा मात्र आठपट. म्हणून थोडा वेळ थांबणाऱ्यांना इमारतीजवळची आणि दिवसभर थांबणाऱ्यांना थोडी लांबची जागा देणे शहाणपणाचे.

दोन सत्रांत चालणाऱ्या महाविद्यालयात आणखी एक गंमत दिसते. सकाळच्या सत्राच्या २०० दुचाकी बाहेर पडण्याआधी दुपारच्या २०० आत आल्या, तर ४०० जागा हव्यात. सत्रांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवले, तर २०० पुरतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आवारात २००८ पासून मोठे क्रिकेट स्टेडियम आहे. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना २ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथेच झाला. अशा एका रात्रीच्या गर्दीवरून रोजचा वाहनतळ कोणी बेतत नाही. मग सत्र बदलतानाच्या वीस मिनिटांवरून तरी का बेतावा?

तिसरी गळती शोधाची. समजा, भरलेल्या जागा तळावर कशाही विखुरलेल्या आहेत. तळ ८० टक्के भरला असेल, तर मोकळी जागा सापडेपर्यंत सरासरी ५ जागा पाहाव्या लागतात. ९० टक्के भरला असेल तर १०, ९५ टक्क्यांना २०, आणि ९८ टक्क्यांना ५०! सूत्र सोपे आहे : १ भागिले मोकळ्या जागांचा अंश. शेवटच्या काही गाड्या शोध झपाट्याने वाढवतात. पेट्रोल जाळत घिरट्या घालणारी गाडी चालत येणाऱ्या मुलांच्याच वाटेत येते.

पण हेच सूत्र उलटे वाचा. २०० मोटारींच्या तळावर १९० उभ्या असतील, तर २० जागा पाहाव्या लागतात. १८० असतील तर १०. म्हणजे केवळ दहा जण दुसऱ्या वाहनाने आले, की उरलेल्या सर्वांचा शोध निम्मा होतो. त्यासाठी मैदान घ्यावे लागत नाही.

नवी मुंबईत हे जमण्यासारखे आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने इथे रेल्वे स्थानके आणि वस्ती एकमेकांच्या जोडीने आखली. लोकल १९९२ मध्ये वाशीला पोचली, आणि २००४ मध्ये ठाण्याकडूनही आली. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. अडते ते बहुतेक वेळा स्थानक ते फाटक या शेवटच्या टप्प्यावर. सावलीची पायवाट, वेळेवर येणारी बस, सायकलींसाठी छप्पर या गोष्टी इथे कामाला येतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००० मध्ये विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना ओळखपत्र दाखवून बसने फुकट प्रवास करू दिला. बसने येणारे वाढले, एकट्याने मोटार आणणारे घटले. तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी फुकट पार्किंगची खरी किंमत किती मोठी असते, हे आयुष्यभर अभ्यासून दाखवले.

तेव्हा मैदानाचा निर्णय होण्याआधी अकरावीच्या मुलांना दोन दिवस फाटकावर वही घेऊन बसवा. गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहायची, इतकेच. दर अर्ध्या तासाला आत किती गाड्या होत्या, याचा आलेख काढा. आलेख दिवसभर उंच राहिला, तर जागा खरोखरच कमी आहे. एकच टोक वर आले असेल, तर मैदानाला हात लावण्याआधी वेळापत्रक उघडा.