नंबर सर्वांत शेवटी

ऑगस्टमधली गोष्ट. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे साताऱ्यात सकाळचे नऊ. दादाचा फोन आला. "अगं, गॅसवाला दारात उभा आहे आणि ओटीपी बाबांच्या नंबरवर गेलाय!"

बाबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्यांचा मोबाइल नंबर आम्ही महिन्याभरातच बंद केला होता. 'कशाला उगाच रिचार्ज करत बसायचं,' असं मीच म्हटलं होतं. दादाने तो नंबर लावून पाहिला, तर पलीकडून कुणी अनोळखी मुलगा बोलला. नंबर दुसऱ्याला मिळाला होता. आईच्या फोनमध्ये मात्र तो अजून 'हे' या नावानेच होता. गॅसवाला सिलिंडर परत घेऊन गेला.

फोन ठेवला आणि मी लॅपटॉपकडे बघतच राहिले. कारण त्या आठवड्यात मी ऑफिसात नेमकी हीच चूक शोधत होते.

मी ओरेगॉनमधल्या बीव्हर्टनला राहते, लिनक्स कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यात एकाच वेळी कामाचे अनेक धागे चालू असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. थ्रेड सुरू करणं सोपं, त्याची निरवानिरव अवघड. त्याने घेतलेली मेमरी परत करायची, कुलुपं सोडायची, लावलेले टायमर काढायचे. आणि हे सगळं योग्य क्रमाने.

आमच्या एका ड्रायव्हरमुळे चाचणीचं मशीन दोन-तीन दिवसांतून एकदा कोलमडायचं. मुद्दाम पाडायला गेलं की पडायचं नाही! शेवटी 'केसॅन' लावलं. २०१५ पासून कर्नलमध्ये असलेलं हे साधन मेमरीच्या दर आठ बाइट्समागे एक बाइट राखून हिशेब ठेवतं. मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि सोडल्यावर कुणी हात लावला, हे तिन्ही त्याने दाखवलं. थ्रेड संपताना आम्ही टायमर रद्द करत होतो आणि लगेच मेमरी मोकळी करत होतो. पण टायमर त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असेल, तर साधं 'रद्द कर' त्याच्यासाठी थांबत नाही. तो आपला जुन्या पत्त्यावर जातो, आणि तिथे आता दुसराच कुणीतरी राहत असतो. बाबांच्या नंबरसारखंच!

दुरुस्ती एका ओळीची निघाली. चालू टायमर संपेपर्यंत थांबणारं फंक्शन वापरायचं आणि मगच मेमरी सोडायची. ती ओळ सापडायला मात्र नऊ दिवस लागले.

गंमत म्हणजे, हा थांबण्याचा धडा आमच्या याच गावाने जगाला दिलाय. इथल्या सीक्वेंट कंपनीत पॉल मॅकेनी यांनी सहकाऱ्यांबरोबर 'आरसीयू' ही पद्धत विकसित केली. १९९९मध्ये आयबीएमने ती कंपनी घेतली आणि २००२मध्ये आरसीयू लिनक्समध्ये आलं. त्याचं सूत्र आपल्या पंगतीचं आहे. एकाचं जेवण झालं म्हणून कुणी पानं उचलायला लागत नाही. आधी बसलेल्या सगळ्यांचं आटोपू द्यायचं, मग आवरायचं. नव्याने आलेले पुढच्या पंगतीला बसतात, त्यांच्यासाठी थांबायचं नाही. जुनी माहिती वाचणारे सगळे बाहेर पडले की मगच तिची मेमरी मोकळी होते.

त्या शनिवारी दादा आणि मी व्हिडिओ कॉलवर बसलो. बाबांचा नंबर कुठेकुठे दिलाय, याची यादी केली. गॅस, लाइट बिल, बँक, विमा, पेन्शन, सोसायटी. यादी सतरा ओळींची झाली. दादा मृत्यूचा दाखला घेऊन एकेका ठिकाणी जाऊन आला. गॅस आता आईच्या नावावर आहे. "हे तू आधी सांगायला हवं होतंस, कॉम्प्युटरवाली ना तू?" असं दादा म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यांच्या कोडमधली चूक मला दिसते, घरातली दिसली नाही.

आपल्यापैकी अनेकांवर ही वेळ येते. सुट्टी दोन आठवड्यांची, दिवसकार्य उरकायचं आणि जमेल तेवढं आवरून परतायचं. त्या घाईत सोपं ते आधी बंद केलं जातं. तेवढं करू नका. आधी यादी करा, एकेक नाव बदला, आणि नंबर सर्वांत शेवटी सोडा.

आईच्या फोनमधला 'हे' आम्ही काढलेला नाही. ते तिचं तिला वाटेल तेव्हा.