कोयत्यालाही हवे म्यान

पाऊस सरला, की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडणीला निघण्याची लगबग सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सारा संसार भरला जातो. भांडीकुंडी, धान्याची पोती, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी आणि लहान मुले. याच गर्दीत कोयतेही असतात. काही फडक्यात गुंडाळलेले, काही गोणपाटात खोचलेले, तर काही तसेच उघडे. ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणण्याची रीत आहे. मुकादमाकडून मिळणारी उचल ठरते तीही कोयत्यांच्या हिशेबाने. ज्या हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, त्या हत्याराला झाकून ठेवण्याची सोय मात्र आपण कधी गंभीरपणे केली नाही.

तलवारीला म्यान असते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण तर रोजच्या बोलण्यातली. पण म्यान ही केवळ राजेरजवाड्यांची चैन नव्हती. धार जपणे आणि धारेपासून माणसाला जपणे, ही तिची दोन कामे आहेत. स्वयंपाकघरातील सुरी, शेतातील विळा, फडातील कोयता यांनाही ती तितकीच लागू पडतात. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात) या साध्या वस्तूसाठी लागणारे जवळजवळ सारे साहित्य आणि ते हाताळणारे हात अद्याप आहेत. म्हणूनच हाताने शिवलेले चामड्याचे म्यान कसे तयार होते आणि त्यामागचे शास्त्र काय, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

कातडे कमावणे म्हणजे काय?

जनावराचे ओले कातडे तसेच ठेवले तर काही दिवसांत कुजते. वाळवले तर लाकडासारखे ताठ होते. ते टिकाऊ आणि लवचीक व्हावे म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात, तिला कातडे कमावणे म्हणतात. प्रथम कातड्याला मीठ लावून ते सडण्यापासून वाचवतात. मग पाण्यात भिजवून काही दिवस चुन्याच्या निवळीत ठेवतात. त्यामुळे केस सुटतात. आतल्या बाजूचे मांस आणि चरबी खरवडून काढली, चुना धुऊन टाकला, की कातडे कमावण्यास सिद्ध होते.

यापुढचे काम वनस्पतींचे. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरड्याचे फळ यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. बाभळीच्या सालीत ते साधारणपणे १२ ते २० टक्के, तर हिरड्याच्या वाळलेल्या फळात ३० टक्क्यांच्या आसपास आढळते. कच्चा हिरडा चघळला की तोंडाला जी कोरड पडते, ती या द्रव्यामुळेच. ते कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंना घट्ट धरते, आणि मग पाणी किंवा जिवाणू त्यांना सहजी सोडवू शकत नाहीत. जुन्या पद्धतीत कातड्याचीच मोठी पिशवी शिवून तीत साल, हिरडा आणि पाणी भरत आणि ती टांगून ठेवत. झिरपणारे पाणी खाली धरून पुन्हा पिशवीत ओतत. हे काम आठवडेच्या आठवडे चाले.

या तिन्ही वनस्पतींशी नगरकरांची चांगली ओळख आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगांवर हिरडा होतो आणि तेथील आदिवासी कुटुंबे तो गोळा करतात. कोवळा बाळहिरडा औषधासाठी जातो, पक्व फळ रंगासाठी आणि कातडे कमावण्यासाठी. पूर्वेकडील कमी पावसाच्या तालुक्यांत बांधाबांधावर बाभूळ आहे. माळरानावरचा तरवड तर नवरात्रात पिवळ्या फुलांनी बहरतो आणि घटाच्या माळेत जातो.

आज जगातील बहुतांश चामडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. ते काम एक-दोन दिवसांत होते, चामडे मऊ निघते, कपड्यांना व पिशव्यांना उत्तम असते. म्यानासाठी मात्र ते गैरसोयीचे, आणि याची कारणे दोन. वनस्पतींनी कमावलेले चामडे ओले करून वस्तूवर दाबले, की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. क्रोमचे चामडे पुन्हा पहिल्यासारखे सैल होते. शिवाय क्रोमच्या प्रक्रियेतील क्षार चामड्यात उरले असतील, तर दमट हवेत ते पोलादाला गंज चढवतात. पारख सोपी आहे. चामड्याची कापलेली कड पाहावी. आरपार तपकिरी रंग असेल तर ते सालीने कमावलेले. मधला थर निळसर-राखाडी दिसला, तर क्रोमचे.

म्यान कसे तयार होते?

म्यानासाठी साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे चामडे लागते. म्हशीचे चामडे जाड, भरड आणि कणखर असल्याने या कामाला योग्य. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे जाड चामड्यासाठी मुख्य भिस्त म्हशीच्या कातड्यावरच आली आहे. पोटाकडचा भाग सैल असतो आणि ताणला जातो, म्हणून पाठीकडचा भाग निवडावा. मध्यम आकाराच्या सुरीसाठी चौरस फूटभर तुकडा पुरतो.

पहिले काम कागदावरचे. सुरी कागदावर ठेवून तिची बाह्यरेषा काढायची, आणि धारेच्या बाजूने दीड ते दोन सेंटिमीटर जागा सोडून दुसरी रेषा काढायची. नवशिका येथेच चुकतो. पाते सपाट दिसले तरी त्याला जाडी असते. ती धरली नाही तर म्यान शिवून झाल्यावर सुरी आत जातच नाही. कागदाचा नमुना दुमडून, सुरी आत सरकवून पाहावी आणि मगच चामड्याला रापी लावावी. कागद वाया गेला तर पैशाचा, चामडे गेले तर दिवसाचा तोटा.

दुसरी गोष्ट म्हणजे मधली पट्टी. म्यानाचे दोन पदर थेट एकमेकांना शिवले, तर पाते आत-बाहेर करताना धार शिवणीच्या दोऱ्यावर घासते. काही दिवसांत दोरा तुटतो आणि कमरेला लावलेले म्यान नकळत उसवते. म्हणून धारेच्या बाजूला दोन पदरांमध्ये सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर रुंदीची चामड्याची पट्टी घालतात. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरून ती दिसतही नाही, पण म्यानाचे आयुष्य आणि वापरणाऱ्याची बोटे याच पट्टीवर अवलंबून असतात. बाजारातील स्वस्त म्यान हाती घेतले, तर आधी ही पट्टी आहे की नाही ते पाहावे.

पट्टी खळीने चिकटवून वाळली, की आरीने ४ ते ५ मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडतात. शिवण एकाच लांब दोऱ्याने, पण दोन सुयांनी घालायची. दोऱ्याला आधी मेण चोळायचे. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात आणि टाका ओढून घट्ट बसवला जातो. घोड्याची खोगिरे करणारे जिनगर असाच टाका घालीत. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की पुढची शिवण सुटू लागते. हाताच्या या शिवणीत एक टाका तुटला, तरी त्याच छिद्रातून गेलेला दुसरा पदर आपली जागा सोडत नाही. हातकामाचा मोठेपणा केवळ देखणेपणात नसतो, तो असा असतो.

शिवण झाल्यावर म्यान पाण्यात बुडवतात. बुडबुडे थांबले, की बाहेर काढून, पात्याला तेल लावून व पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सुरी आत घालतात आणि मुठीच्या कडेने अंगठ्याने चामडे दाबत नेतात. मग सुरी काढून घेऊन म्यान सावलीत दिवसभर वाळू द्यायचे. उन्हात ठेवले तर चामडे तडकते. वाळल्यावर त्याने मुठीची उंचसखल बाजू उचललेली असते, आणि सुरी उलटी धरली तरी पडत नाही. शेवटी कडा घासून, किंचित ओल्या करून लाकडाने रगडायच्या व मेण चोळून बंद करायच्या. टोकाशी एक बारीक भोक ठेवले, तर आत गेलेले पाणी निघून जाते.

कोयत्याचे वेगळेपण

सुरीचे म्यान तोंडाकडून सरळ आत जाते. ऊसतोडणीच्या कोयत्याला ही युक्ती चालत नाही, कारण त्याचे पाते पुढे वाकलेले आणि धार आतल्या अंगाला असते. वाकडे पाते सरळ खोबणीत जाणार कसे? म्हणून कोयत्याचे म्यान पाठीकडून उघडे ठेवावे लागते. पात्याच्या आकाराचे दोन तुकडे कापून, मध्ये जाड पट्टी घालून ते फक्त धारेच्या बाजूने शिवायचे. कोयता आडवा आत सरकतो, धार पट्टीवर टेकते आणि पाठीवरून येणाऱ्या दोन वाद्या टिचबटणांनी बंद होतात. यात ओले करून आकार देण्याची फारशी गरज नाही. कोयत्याचे पाते रुंद असल्याने चामडे थोडे जास्त लागते, पण काम सोपे आहे. एखादा चर्मकार कारागीर ते काही तासांत उरकू शकतो.

त्याची गरज मात्र मोठी आहे. फडात पहाटेच्या अंधारात काम सुरू होते, कोपीत जमिनीवर मुले झोपलेली असतात आणि तिथेच हत्यारे पडलेली असतात. उघड्या धारेचा एक घाव म्हणजे बुडालेली मजुरी, दूरचा दवाखाना आणि धनुर्वाताची धास्ती. गेल्या काही वर्षांत पुण्यासारख्या शहरांतील गुन्ह्यांमुळे कोयत्याचे नावही बदनाम झाले आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. तरीही म्यानात नीट बंद केलेला कोयता घेऊन जाणारा मजूर कामाला निघाला आहे, हे पाहणाऱ्याला चटकन उमगते.

निगा आणि एक सावधानता

चांगले म्यान हाती आले, की सुरी कायमची त्यातच ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. सालीने कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि हवेतील ओल शोषून घेते. ओल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली, की काळा-निळा डाग उमटतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून रंगारी कापडाला काळा रंग देत, तीच ही रासायनिक क्रिया. म्हणून म्यान प्रवासासाठी आणि कामाच्या वेळेसाठी. घरी आल्यावर पाते पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर कोरड्या जागी ठेवावे, आणि म्यान वेगळे टांगावे. वर्षातून एक-दोनदा म्यानाला मेण व थोडे तेल चोळावे. फार तेल घातले तर चामडे सैल पडते आणि पकड जाते. पितळी रिव्हेटवर हिरवा थर आला, तर तो कोरड्या फडक्याने पुसून काढावा.

हात आहेत, काम हवे

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात गावातील बलुतेदारांचे तपशीलवार वर्णन आहे. त्या व्यवस्थेत कातडे कमावणारा ढोर समाज आणि ते शिवणारा चर्मकार समाज यांच्यावाचून शेती चालत नसे. विहिरीची मोट, नाडा, आसूड, वहाणा हे सारे त्यांच्या हातचे. त्या व्यवस्थेने त्यांच्या कामाशिवाय गाडा हाकला नाही, पण त्यांना मान मात्र दिला नाही, हेही विसरता येणार नाही. पुढे विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली. कारखानी चपला आल्या, वहाणा गेल्या. राज्य शासनाने १९७४ मध्ये चर्मोद्योगाच्या विकासासाठी महामंडळ स्थापन केले. आज ते संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्यानाला असे नाव नाही, आणि कदाचित त्याची गरजही नाही. त्याला गिऱ्हाईक हवे.

ते गिऱ्हाईक याच जिल्ह्यात आहे. प्रवरेच्या काठी लोणी येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि नगर जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. ऊस तोडणारे हात याच जिल्ह्याच्या पूर्वेकडून आणि शेजारच्या बीडमधून येतात. कारखान्याने हंगामाच्या प्रारंभी प्रत्येक कोयत्यामागे एक चामड्याचे म्यान द्यावे आणि ते तालुक्यातल्याच कारागिराकडून शिवून घ्यावे, एवढे झाले तरी दोन कामे साधतील. फडातील जखमा कमी होतील आणि पावसाळ्यात, जेव्हा पायताणांचे काम मंदावते, तेव्हा चर्मकाराच्या आरीला काम मिळेल. त्यासाठी मोठे भांडवल नको, यंत्रही नको. हवा आहे तो कागदावरचा एक चांगला नमुना आणि धारेला दोऱ्यापासून दूर ठेवणारी ती मधली पट्टी.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. विळा-कोयत्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. त्यानंतर काही दिवसांतच तो कोयता ट्रॉलीत चढतो आणि त्याच्या शेजारी एखादे मूल झोपी जाते. या वर्षी पूजेच्या पाटावर कोयत्याबरोबर त्याचे म्यानही असावे.