रेन्सचा जॉन आयझॅक्स

न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रेनेसान्स कॅसिनोत आधी बास्केटबॉलचा सामना व्हायचा आणि मग त्याच जमिनीवर बँडच्या तालावर जोडपी नाचायची. नाचासाठी घोटलेलं लाकूड खेळाडूंच्या पायाखालून निसटायचं. सेंट किट्स बेटावर जन्मलेल्या बॉब डग्लस यांनी 1923 मध्ये इथे 'न्यूयॉर्क रेनेसान्स', म्हणजेच 'रेन्स' हा संघ उभा केला. खेळाडू कृष्णवर्णीय, मालकही कृष्णवर्णीय.

1936 मध्ये शाळा संपताच जॉन आयझॅक्स संघात आला. महिन्याला 150 डॉलर, जेवणाचे दिवसाला 3. मंदीच्या काळात ही कमाई बरीच होती, पण ती अंग मोडून मिळायची. रात्री सामना, लगेच बस. वाटेतली बहुतेक हॉटेलं कृष्णवर्णीयांना खोली देत नसत, खानावळी दारातूनच परतवत. मग एखाद्या मोठ्या शहरात मुक्काम ठेवायचा, तिथून शेकडो मैल जाऊन खेळायचं, बसमध्येच सँडविच खायचं आणि परतायचं. रात्रभर एस्टीत आखडलेल्या पोटऱ्या सकाळच्या सामन्यात कशा दगा देतात, हे कॉलेजच्या संघातून खेळताना मी अनुभवलं आहे. ही माणसं मोसमात शंभराहून अधिक सामने तशाच पायांनी खेळत.

मला वाटतं, त्यांचा खेळ या थकव्यातूनही घडला. ड्रिबल कमी, पास जास्त. चेंडू हातोहात फिरायचा, त्यामागे धावून समोरचे दमायचे आणि कुणी मोकळा होऊन बास्केटकडे झेपावला की चेंडू त्याच्या हातात! तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी पुन्हा जंप बॉल होई. सेंटर 'टार्झन' कूपर तो जिंके आणि चेंडू परत रेन्सकडेच येई. 1932-33 मध्ये त्यांनी सलग 88 सामने जिंकले.

मार्च 1939 मध्ये शिकागोत पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा झाली. रेन्सनी हार्लेम ग्लोबट्रॉटर्सना 27-23 असं, तर अंतिम सामन्यात ऑशकॉश ऑल-स्टार्स या गोऱ्या संघाला 34-25 असं हरवलं. विजेत्यांच्या जॅकेटवर मात्र 'कलर्ड वर्ल्ड चॅम्पियन्स' लिहिलेलं होतं. आयझॅक्सने ब्लेड घेतलं आणि 'कलर्ड' हा शब्द टाका-टाका उसवून काढला. जॅकेट खराब होतंय म्हणून डग्लस कुरकुरले, तरी तो थांबला नाही.

एनबीएची दारं कृष्णवर्णीयांना 1950 मध्ये उघडली. तोवर आयझॅक्स पस्तिशीत पोचला होता. पुढे अनेक वर्षं त्याने ब्राँक्समधल्या मुलांना खेळ शिकवला. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने रेन्स संघाला 1963 मध्ये मान दिला. आयझॅक्सला दिला तो 2015 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. हा उशीर अक्षम्य आहे.