बटणं बरोबर, कारण चूक

पडद्यावरचा इतिहास : लेखांक ७

अमेरिकी यादवी युद्धावर नवा सिनेमा आला की तिकडची हौशी मंडळी भिंग घेऊन बसतात. गणवेशाची बटणं, बंदुकीची बनावट, बुटांची शिलाई, काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सुट्टीच्या दिवशी हीच माणसं जुने गणवेश चढवून मैदानात लढाया पुन्हा उभ्या करतात. १९९३ चा ‘गेटिसबर्ग’ त्यांच्याच जिवावर उभा राहिला. चार तासांहून लांब, काही भाग प्रत्यक्ष रणभूमीवर चित्रित केलेला, आणि स्वतःचेच गणवेश घालून आलेले हजारो शिपाई. कवायत चोख. खोट्या दाढ्या तेवढ्या खुपतात आणि दक्षिणेचे उपाशी शिपाई अंमळ बाळसेदार दिसतात. पण युद्ध ज्या गुलामगिरीवरून पेटलं ती इथे मोजक्या संवादांत उरकली जाते. सगळेच शूर, सगळेच सभ्य. मग लढत कशासाठी होते, हे विचारायची सोय नाही.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकी संघराज्यातून फुटून निघताना मिसिसिपी राज्याने १८६१ च्या जानेवारीत जे कारणपत्रक काढलं, त्यात आपली बाजू गुलामगिरीशीच जोडलेली असल्याचं सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. आणि युद्ध संपल्यावर आठच वर्षांनी, १८७३ साली, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून जे दिसत होतं ते हॉलिवूडला पुढे कित्येक दशकं दिसलं नाही, की बघायचं नव्हतं?

याच्या उलट ‘ग्लोरी’ (१९८९). मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीची, म्हणजे कृष्णवर्णीय शिपायांची, ही गोष्ट. चुका काढायच्या तर ढीग निघेल. सिनेमात बहुतेक शिपाई पळून आलेले गुलाम आहेत. प्रत्यक्षात पलटणीत भरणा होता तो उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा. ज्या प्रसंगाने डेन्झेल वॉशिंग्टनला ऑस्कर मिळवून दिलं असं म्हणतात, तो फटक्यांचा प्रसंगही शंकास्पद, कारण सैन्यातली फटक्यांची शिक्षा १८६१ मध्येच बंद झाली होती. गुलामगिरीविरोधी चळवळीचे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे या पलटणीत होते, त्यांचा पत्ताच नाही. शिवाय गोष्ट सांगितली जाते ती पलटणीच्या गोऱ्या प्रमुखाच्या, कर्नल शॉच्या पत्रांतून.

तरीही मी ‘ग्लोरी’ला वरचं पान देईन. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, कृष्णवर्णीयाला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून घ्यायचे. ही भानगड सिनेमा पडद्यावर आणतो. खरी हकिकत तर याहून जबर आहे: फरकाची रक्कम आम्ही भरतो, असं राज्याने म्हटलं तरी पलटणीने ते नाकारलं आणि ती जवळजवळ दीड वर्ष बिनपगारी लढली. सिनेमाला ही हकिकत एका प्रसंगात कोंबावी लागली, पण कोणाचं काय पणाला लागलं होतं हे प्रेक्षकाला नेमकं कळतं.

माहितीपटाचं काय? तिथे तर सगळं ‘खरं’ असतं, असा आपला समज. केन बर्न्सची ‘द सिव्हिल वॉर’ ही नऊ भागांची मालिका सप्टेंबर १९९० मध्ये सलग पाच रात्री दाखवली गेली आणि सुमारे चार कोटी लोकांनी ती पाहिली. हातात युद्धाचं चलच्चित्र एकही नाही. मग स्थिर छायाचित्रांवरून कॅमेरा संथपणे फिरवायचा. पण छायाचित्रंही भोळी नसतात. गेटिसबर्गच्या रणभूमीवर खडकांमागे पडलेल्या मृत नेमबाजाचं अलेक्झांडर गार्डनरचं सुप्रसिद्ध चित्र घ्या: प्रेत दुसरीकडून उचलून आणून तिथे ठेवलं होतं, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं.

त्याहून मोठा प्रश्न, पडद्यावर बोलतं कोण? मालिकेत सर्वाधिक वेळ मिळाला कादंबरीकार शेल्बी फूट यांना. मिसिसिपीचा गोड हेल, किश्श्यांचा खजिना, माणूस ऐकत राहावा असा. तडजोडीत कमी पडलो म्हणून युद्ध झालं, असं ते सांगतात. पण तडजोड कशाशी, चाळीस लाख माणसं मालमत्ता म्हणून बाळगण्याशी? इतिहासकार बार्बरा फील्ड्स गुलामांनी स्वतःची मुक्ती कशी पुढे रेटली ते मांडतात, पण त्यांच्या वाट्याला वेळ आला फूट यांच्या तुलनेत अगदी चिमूटभर. एकही वाक्य खोटं न बोलता तोल कसा ढळतो, ते इथे दिसतं.

पुढच्या आठवड्यात अटलांटा, डिसेंबर १९३९: ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ, ज्याला त्यातल्याच कृष्णवर्णीय कलाकारांना येता आलं नव्हतं.