तीन यंत्रे, दहा राग : मुंबईची रेकॉर्ड जगाला उशिरा का कळली?

जालन्यात मोबाइलवर संगीत रचणाऱ्या तरुणापुढे अ‍ॅपमधले शेकडो आवाज असतात. निवडण्यातच रात्र सरते. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी मात्र एक अख्खी रेकॉर्ड रोलँड कंपनीच्या ३ यंत्रांवर केली.

नेमके काय केले?
हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातल्या सिंग यांनी ताल ‘टीआर-८०८’वर, बास ‘टीबी-३०३’वर आणि रागाचे सूर ‘ज्युपिटर-८’वर वाजवले. १० रागांच्या या रेकॉर्डचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

मर्यादा आड का आली नाही?
टीबी-३०३ एका वेळी एकच स्वर वाजवते. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, मींडेसारखे. शिवाय रागही ठरावीक स्वरांतच फुलतो. भूप रागात तर ५च : सा, रे, ग, प, ध.

पुढे काय झाले?
रेकॉर्ड फारशी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ गटाची टीबी-३०३वरची रेकॉर्ड आली. तिथून ‘अ‍ॅसिड हाउस’ सुरू झाले, असे मानतात. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि तोच बाज ५ वर्षे आधी मुंबईत वाजला होता, हे जगाने ऐकले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना परदेशांत मंच मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

करून पाहायचे तर?
एक ड्रम, एक बास, एक सूर आणि भूपाचे ५ स्वर घ्या. बाकीचे आवाज बंद ठेवा.