मागच्या रांगेतील चेहरा

लग्नकार्यात किंवा शाळेच्या निरोप समारंभात सभागृहातच सर्वांचे एकत्रित छायाचित्र काढले जाते. पुष्कळदा त्यात पुढची रांग स्पष्ट येते. मागची माणसे मात्र पुसट दिसतात. असे का होते?

सभागृहात प्रकाश कमी असतो. तो मिळवण्यासाठी भिंगाचे छिद्र फार मोठे केले, तर थोड्याच खोलीपर्यंतचे चेहरे रेखीव उमटतात. शटर अधिक वेळ उघडे ठेवले, तर हात कापल्याने किंवा माणसे हलल्याने चित्र अस्पष्ट होते. म्हणून छिद्र एफ/५.६ ते एफ/८ आणि शटरचा वेग निदान १/६० सेकंद ठेवावा. उरलेली उणीव आयएसओ १६०० पर्यंत वाढवून भरून काढावी. चित्र किंचित दाणेदार झाले तरी चेहरे ओळखू येतात. कॅमेरा तिपाईवर ठेवल्यास हाताचा कंप टळतो.

पहिली रांग बसलेली, दुसरी उभी आणि तिसरी बाकांवर, अशा रांगा एकमेकींना खेटून असाव्यात. तीन रांगा असतील तर फोकस मधल्या रांगेवर साधावा. फ्लॅशचा प्रकाश अंतर दुप्पट होताच एकचतुर्थांश उरतो. त्यामुळे मागची रांग काळवंडते. छत पांढरे व फार उंच नसेल, तर फ्लॅश छताकडे वळवावा. प्रकाश सर्वांवर सारखा पसरतो.

कोणाचे तरी डोळे मिटतातच. म्हणून लागोपाठ चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या व्यक्तीचे ते एकमेव छायाचित्रही ठरू शकते.